तंबूतली माणसं, पालातली माणसं

मराठी सर्कशीचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात ठरलेली असते: विष्णुपंत छत्रे, १८८० साल, ग्रेट इंडियन सर्कस. मग देवल, कार्लेकर, परशुराम माळी, शेलार अशी मालकांची नावं ओळीने येतात. हा इतिहास खरा आहे, अभिमानाचाही आहे. पण तो कंपन्यांचा आणि मालकांचा इतिहास आहे. झुल्यावर लोंबकळायला, तारेवरून चालायला, घोड्याच्या पाठीवर उभं राहायला जी माणसं लागली ती कुठल्या घरांतून आली? आणि ज्यांच्या घरात अंगाची कसरत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती ते डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ या नव्या धंद्यात कुठे होते? हे प्रश्न मागेच पडतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरातून, पाहिलं की ते जास्त टोचतात. कसरतीचे खेळ करत फिरणारी कुटुंबं या जिल्ह्यात होती, मोठ्या यात्रा होत्या, १८७८ पासून आगगाडीही होती. तरीही सर्कशी निघाल्या त्या सांगली, मिरज, तासगाव, म्हैसाळ या दक्षिणेकडच्या पट्ट्यातून. असं का झालं, याचा हा आढावा.

घोड्यावरून आलेला धंदा

आधुनिक सर्कस मुळात घोडेस्वाराची. फिलिप अ‍ॅस्टलीने १७६८ मध्ये लंडनमध्ये गोल रिंगणात घोडा पळवून पाठीवरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. गोल फिरणाऱ्या घोड्यावर तोल सांभाळणं सोपं जातं, हे त्याने हेरलं होतं. पुढे रिंगणाचा ४२ फूट व्यास ठरून गेला आणि जगभर तोच चालला. अ‍ॅस्टली लष्करातून आलेला माणूस होता. म्हणजे सर्कशीच्या मुळाशी घोडदळाची विद्या आहे. दोरी, झुला, विदूषक आणि वाघ-सिंह तिला नंतर येऊन मिळाले.

हे ध्यानात घेतलं की भारतात सर्कस कुठे रुजली याचा उलगडा होऊ लागतो. १८७९ मध्ये जुझेप्पे कियारीनी या इटालियन माणसाची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. हिंदुस्थानात असली सर्कस उभी राहायला अजून अवकाश आहे, असं तो म्हणाला. विष्णुपंतांनी ते मनाला लावून घेतलं, पैज लागली आणि काही महिन्यांतच त्यांनी त्याच्यासारखे घोड्यांचे खेळ करून दाखवले, अशी कथा सांगतात. पैजेच्या रकमेचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ते बाजूला ठेवू. पक्कं एवढं आहे, की विष्णुपंत हे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरचे अश्वशिक्षक होते. त्यांनी कियारीनीचा खेळ पाहिला आणि १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभी केली.

विष्णुपंत आताच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. तरुणपणी ते ग्वाल्हेरला गेले होते. गाण्याची ओढ त्यांना हद्दू खाँसाहेबांकडे घेऊन गेली आणि शिंद्यांच्या राजधानीत घोड्याची विद्याही हाती लागली. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ विपन्नावस्थेत भटकत असताना विष्णुपंतांनी त्यांना आपल्याकडे आणून सांभाळलं. सर्कशीच्या मुक्कामांवर त्या काळचा एक थोर गवई बरोबर असे, ही गोष्ट आज नवलाची वाटते. तेव्हा तसं नव्हतं. खेळ, गाणं, नाटक, कुस्ती ही सगळी एकाच राजाश्रयाची लेकरं होती.

कृष्णाकाठच का?

सांगली-मिरज भागात पटवर्धनांची छोटी-मोठी संस्थानं दाटीने वसलेली होती: सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी. मराठ्यांचं घोडदळ मोडल्यावरही या संस्थानांच्या पागा उरल्या. घोडे उरले, मोतद्दार उरले, घोडा शिकवणारे उरले. लढाई गेली तरी दसऱ्याची मिरवणूक आणि दरबारी करमणूक शिल्लक होती.

दुसरं कारण नाटकाचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आश्रयदाता गेला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. तिकीट लावून खेळ करायचा, बिऱ्हाड गुंडाळून पुढच्या गावी जायचं, पंधरा-वीस माणसांचं जेवणखाण, पगार, रुसवेफुगवे सांभाळायचे, हे सारं तंत्र मराठी नाटक मंडळ्यांनी त्या तीस-पस्तीस वर्षांत कमावलं होतं. सर्कशीला ते आयतं मिळालं. कियारीनीकडून विष्णुपंतांनी रिंगण घेतलं. कंपनी चालवण्याची रीत घरचीच होती.

तिसरं कारण नात्यागोत्याचं. एका घराने धंदा काढला की शेजारच्याला धीर येतो. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची ग्रँड सर्कस, परशुराम माळी यांची लायन सर्कस अशा कंपन्या याच परिसरातून निघाल्या. छत्र्यांच्या सर्कशीत खुद्द विष्णुपंतांच्या पत्नी झुल्यावर काम करत आणि जनावरांचे खेळही करत, असं सांगितलं जातं. त्यांचे बंधू काशिनाथपंत व्यवस्थेत होते आणि पुढे सर्कस त्यांच्याकडे आली. भिक्षुकी, शेती किंवा संस्थानची नोकरी करणारी घरं अशा रीतीने अख्खीच्या अख्खी तंबूत गेली. एकोणिसाव्या शतकात सर्कशीत सामील झालेली स्थानिक कुटुंबं म्हणून ज्यांची नोंद सापडते, ती बहुतेक ही.

नगरकडे काय होतं, काय नव्हतं

आता नगरकडे वळू. घोडेस्वारांची परंपरा या जिल्ह्यात कमी नव्हती. श्रीगोंदा ही शिंद्यांची जहागीर. पारनेर तालुक्यातल्या जामगावात महादजींचा वाडा आजही उभा आहे. जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. पण शिंदे ग्वाल्हेरला गेले, होळकर इंदूर-महेश्वरला. सरदार या मातीशी जोडलेले आणि दरबार दूर उत्तरेत, अशी नगरची तऱ्हा. १८१८ नंतर इथे थेट इंग्रजी अंमल बसला. भिंगारला छावणी आली, कलेक्टर कचेरी आली, पुढे अमेरिकन मिशनच्या शाळा आल्या. पण पागा राखून करमणुकीवर खर्च करणारा संस्थानिक नगरला नव्हता. घोड्याची विद्या शिकायला विष्णुपंत ज्या ग्वाल्हेरला गेले, तो दरबार नगरशी नातं असलेल्या शिंद्यांचाच होता, हा यातला विरोधाभास.

त्यात दुष्काळांची भर पडली. १८७६-७८ चा दुष्काळ नगर जिल्ह्याला फार कडक गेला. दौंड-मनमाड लोहमार्गाचं काम दुष्काळी कामांत मोडत होतं. खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हातांनी तो बांधला आणि १८७८ मध्ये तो सुरू झाला. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ येऊन गेले. सर्कस काढायला भांडवल लागतं: तंबू, जनावरं, चारा, रेल्वेचं भाडं. वारंवार कोरड्या पडणाऱ्या मुलखात ते भांडवल साठत नाही. उलट रेल्वेमुळे नगर हे दुसऱ्यांच्या सर्कशींना मुक्काम टाकायला सोयीचं गाव झालं. छावणीचा पगार, बाजारपेठ आणि स्टेशन तिन्ही एका जागी असल्यावर सर्कसवाल्याला आणखी काय हवं?

म्हणजे मालक निपजायला लागणारी सामग्री नगरला नव्हती. पण कसबी माणसं होती.

पालातली विद्या

इंग्रज सरकारने १८८४ मध्ये छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावोगाव फिरणाऱ्या जातींच्या वर्णनात कोल्हाट्यांचा उल्लेख कोलांट्या मारणारे, कसरती करणारे असा येतो. ढोलकीच्या ठेक्यावर रिकाम्या पटांगणात जमणारा हा खेळ जुन्या माणसांनी पाहिलेला आहे. दोन बाजूंना बांबूच्या कैच्या, मध्ये ताणलेला दोर, हातात तोल सांभाळायची काठी घेऊन त्यावरून चालणारी पोर. बापाच्या पोटावर टेकवलेल्या उभ्या बांबूच्या टोकावर पोटावर तोललेलं लेकरू. लोखंडी कड्यातून एकाच वेळी निघणारी दोन माणसं. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत कोल्हाटी-डोंबारी आणि गोपाळ यांची नोंद आहे. गोपाळांच्या पोटनोंदीत ‘खेळकरी’ हे नाव येतं, आणि ते त्यांच्या धंद्याची साक्ष देतं.

सर्कशीच्या कार्यक्रमातून घोडे आणि वाघ-सिंह वजा केले तर जे उरतं, त्यातलं बरंच काही या पालांत आधीपासून होतं. तारेवरची चाल म्हणजे डोंबाऱ्याचा दोर. उंच बांबूवरची कसरत तीच. मल्लखांबाची विद्या मात्र तालमीतली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी तिला नवं रूप दिलं आणि पुढे सर्कशींनी ती रिंगणात आणली.

मग अंतर कशाचं होतं? एक तर कुंपणाचं. डोंबाऱ्याचा खेळ उघड्यावर होतो आणि पैसे खेळ झाल्यावर प्रेक्षकाच्या मर्जीने पडतात. सर्कशीचा खेळ कनातीआड होतो आणि पैसे आधी घेतले जातात. दुसरं अंतर प्रतिष्ठेचं. विष्णुपंत ‘प्रोफेसर छत्रे’ झाले, देवलही ‘प्रोफेसर’ झाले. बंगालमध्ये ग्रेट बंगाल सर्कस काढणारे प्रियनाथ बोस ‘प्रोफेसर बोस’ झाले. परदेशी सर्कशीतून उचललेली ही बिरुदं होती. तीच उडी पालातल्या पोराने मारली तर त्याला भाकरतुकडा मिळे. तंबूत मारली तर पदक मिळे. उडी मारणाऱ्याच्या अंगाला दोन्हीकडे सारखंच लागतं.

तिसरं अंतर सरकारी संशयाचं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढवली. फिरस्तेपणाच संशयाला पुरेसा ठरू लागला. गुन्हेगार जमातींच्या यादीत नाव असो वा नसो, पाल टाकलं की पोलीसपाटलाकडे हजेरी देण्याची पाळी अनेक भटक्यांवर आली. त्याच वर्षांत सर्कशीच्या खास गाड्या याच मुलखातून जात होत्या आणि गावोगावचे अंमलदार पुढच्या खुर्च्यांवर बसून खेळ पाहत होते. भटकंती दोघांचीही, एकाची धंदा ठरली, दुसऱ्याची अपराध.

तंबूत शिरायचे रस्ते

सर्कशीत माणूस भरती होण्याचे तेव्हा तीन रस्ते होते. पहिला मालकाच्या नातेवाइकांचा. याचं नीट नोंदलेलं उदाहरण थोडं पुढच्या काळातलं, पुण्याचं आहे. दामू धोत्रे १९०२ मध्ये जन्मले. त्यांचे मामा शेलार सर्कशीचे मालक. मामाच्या सर्कशीची गोडी लागली आणि शाळकरी वयातच दामू तंबूत गेले. सायकलच्या कसरती करता करता ते वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यात शिरले. पुढे युरोपात आणि १९४० पासून अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत त्यांनी नाव काढलं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी लष्करात होते. १९७३ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. इतक्या मोठ्या माणसाच्या गोष्टीचीही सुरुवात मामाच्या तंबूतच होते.

दुसरा रस्ता तालमीचा. मल्लखांब, कुस्ती, लाठी यांत तयार झालेला पोरगा एखाद्या मुक्कामात मालकाच्या नजरेत भरायचा. तिसरा रस्ता गरिबीचा: खाणारी तोंडं जास्त आणि दाणे कमी, म्हणून सर्कसवाल्याच्या हवाली केलेली मुलं. सर्कशीत लवचीक अंग लहान वयातच घडवावं लागतं, त्यामुळे मुलांना मागणी कायम असे. आणि भटक्यांच्या घरात अशी तयार अंगाची मुलं होती.

या तिसऱ्या रस्त्याने गेलेल्यांचा माग काढणं अवघड होतं, त्याला कारण जाहिरातीची रीत. सर्कशीच्या हस्तपत्रिकांवर ‘मास्टर’ अमुक, ‘मिस’ तमुक एवढंच असायचं. आडनाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. मालकाचं आडनाव मात्र कंपनीच्या नावातच. ही रीत एका अर्थाने माणसाला मोकळं करणारीही होती. पालातून आलेली पोर तंबूत ‘मिस’ झाली की तिची जात तिकीट काढणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. पण जी गोष्ट त्या मुलीला सोयीची ठरली, तिनेच इतिहासातून तिचं घर पुसलं.

बायकांची गोष्ट यात वेगळी काढून पाहायला हवी. मराठी रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका पुरुष करत होते. सर्कशीत मात्र पहिल्या पिढीपासून बायका झुल्यावर आणि जनावरांबरोबर दिसतात. बंगालमध्ये सुशीलासुंदरी वाघाच्या खेळासाठी गाजल्या. घरंदाज समाजाला याचं नवल वाटलं. डोंबाऱ्याच्या खेळात दोरावर पोरी आधीपासूनच चढत होत्या, त्यांचं कुणी नवल केलं नाही. मराठी स्त्रीने जाहीर खेळ करण्याची सुरुवात छत्र्यांच्या तंबूत झाली असं आपण सहज म्हणतो, तेव्हा या पोरी मोजणीतून सुटतात.

केरळने काय वेगळं केलं

विष्णुपंत फिरत फिरत मलबारात तेलिचेरीला, म्हणजे आजच्या थलश्शेरीला पोचले. तिथे किलेरी कुन्हिकण्णन हे कळरी ही केरळी युद्धकला आणि जिम्नॅस्टिक शिकवणारे गुरू होते. दोघांची ओळख झाली आणि सर्कशीच्या कसरतपटूंना तयार करण्याचं काम कुन्हिकण्णन यांनी अंगावर घेतलं. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची शाळा उभी राहिली. १९०४ मध्ये त्यांच्या एका शिष्याने मलबार ग्रँड सर्कस काढली. पुढच्या पन्नास वर्षांत भारतीय सर्कशीचा कणा मलबारी झाला. १९२० मध्ये बाबुराव कदमांनी काढलेली ग्रँड बॉम्बे सर्कससुद्धा १९४७ मध्ये (किलेरींहून वेगळे) के. एम. कुन्हिकण्णन यांच्या कंपन्यांशी एकत्र होऊन ग्रेट बॉम्बे सर्कस झाली.

महाराष्ट्राने सर्कस सुरू केली आणि केरळने ती टिकवली, असं म्हणतात. पण टिकण्याचं कारण शाळा हे आहे. केरळात विद्या गुरूकडे राहिली. कंपनी बुडाली तरी गुरू नवे शिष्य घडवत होता. महाराष्ट्रात विद्या कंपनीत राहिली. कंपनी बुडाली की विद्याही पांगली. आणि गंमत अशी, की शाळेवाचून ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरलेली घरं महाराष्ट्रातच होती. त्यांच्याकडे शिकायला कुणी गेलं नाही. त्यांच्या भोवती शाळा उभी करावी, असं ना संस्थानिकाला वाटलं, ना सुशिक्षित मालकाला.

पुढे काय झालं

कोल्हाट्यांच्या अनेक घरांतल्या बायका कसरतीकडून नाचगाण्याकडे, तमाशा आणि संगीतबारीकडे गेल्या. जामखेड परिसरातली कलाकेंद्रं ही त्या वळणाची आजची खूण. या आयुष्याचं आतून केलेलं वर्णन किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ च्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये आलं. त्याआधी १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ने भटक्यांच्या बिऱ्हाडाचं जग मराठी वाचकापुढे आणलं होतं. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशयाची नजर कायदा रद्द केल्याने जात नाही.

सर्कशीचे दिवसही फिरले. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पिंजऱ्यातल्या जनावराला आणि विकल्यासारख्या दिलेल्या मुलाला बोलता येत नव्हतं. त्या निर्णयांनी सर्कशीचे दोन खांब गेले, हेही तितकंच खरं. आता रिंगणात उरली ती मोठ्या माणसांची अंगकसरत. म्हणजे सर्कस फिरून तिथेच आली, जिथे डोंबाऱ्याचा खेळ पहिल्यापासून उभा होता.

लिहायचं राहिलेलं

आढाव्याचा निष्कर्ष सरळ आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सर्कशीत मराठी कुटुंबं गेली ती दोन दारांनी. संस्थानांच्या आणि नाटक मंडळ्यांच्या सावलीतली घरं पुढच्या दाराने गेली, मालक झाली, त्यांची चरित्रं झाली. फिरस्त्या कसरतपटूंची विद्या मागच्या दाराने गेली आणि नावं बाहेरच राहिली. नगर जिल्हा या मागच्या दारापाशी उभा आहे. म्हणून सर्कशीच्या इतिहासात तो दिसत नाही, आणि त्या इतिहासातली पोकळी तिथून स्पष्ट दिसते.

ही पोकळी अजून भरता येईल. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते. रंगपंचमीला तिची गर्दी मोठी असते. भटक्यांची पंढरी म्हणून मढी ओळखली जाते. तिथल्या कानिफनाथांच्या गडाच्या बांधकामाला गोपाळांनी दगड वाहिले, म्हणून होळीचा मान त्यांचा, अशी परंपरा तिथे सांगतात. राज्यभरातले भटके तिथे वर्षानुवर्षं एकत्र येतात, नाती जुळवतात, आठवणी सांगतात. आजोबा कुठल्या सर्कशीत होते, आत्या कुठल्या तंबूत झुल्यावर होती, हे विचारायला याहून चांगली जागा नाही. हस्तपत्रिकांवरच्या ‘मास्टर’ आणि ‘मिस’ यांना घर मिळेल ते अशा ठिकाणीच. नगरच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या आणि मराठीच्या विभागांनी एका होळीला ध्वनिमुद्रक घेऊन मढीला जावं आणि पालापालांत बसून ही घरं लिहून घ्यावीत. मालकांचा इतिहास आपल्याकडे आहे. कसरत करणाऱ्यांचा लिहिण्याचं काम नगरकरांनी अंगावर घ्यायला हवं.